एकतीस नंबर

"माझ्या नखांना कोणी हात लावला?"

रुस्का स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती. एका हातात काळा चष्मा, दुसरा हात डोळ्यांसमोर पसरलेला. डोळ्यात थेंब घालायचे म्हणून तिने चष्मा काढला होता आणि थेंबांची बाटली तशीच ओट्यावर राहून गेली होती.

दिन्को टेबलाशी बसून भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांच्या बरणीशी झटापट करत होता. झाकण घट्ट बसलं होतं.

"कोण हात लावणार?" तो म्हणाला. "काल त्या नर्सने क्लिप लावायला एक बोट पुसलं तेवढंच. बाकीची नखं तुझ्यापाशीच होती की सगळा वेळ."

"एकाचं मला माहीत आहे. मी उरलेल्या नऊंचं बोलतेय. हे बघ."

त्याने मान वर करून बघितलं. "काय बघू?"

"रंग बघ."

"नेहमीचाच आहे."

"नेहमीचा? दिन्को, हा वांग्याचा रंग आहे!"

दिन्कोने बरणी खाली ठेवली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तो पुष्कळ वेळा गप्प बसला होता आणि त्या सगळ्या गप्प बसण्यांची तिला ओळख होती. हे त्यातलं नव्हतं. जन्मभर त्याने बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली होती. एखादा ड्रायव्हर गाडीतून आवाज येतोय म्हणून सांगत यावा आणि तो आवाज आपण वर्षापूर्वीच ऐकलेला असावा, अशा वेळी तो बहुधा असा गप्प बसत असेल.

"हो," तो शेवटी म्हणाला. "वांग्याचाच आहे."

आदल्या दिवशी रुस्काच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, डोळ्यात दिवा मारून बघितला आणि काळा चष्मा हातात दिला. डाव्या डोळ्याची तारीख दोन आठवड्यांनंतरची, बावीस मार्चची. "रंग थोडे उजळ वाटतील हं," असं त्या निघताना म्हणाल्या होत्या. उजळ वाटायला रुस्काची काही हरकत नव्हती. पण उजळ होणं वेगळं आणि रंगच बदलणं वेगळं. हा फरक तिला जेवढा कळत होता तेवढा यांबोल शहरात दुसऱ्या कोणाला कळत नसेल.

तिने उजव्या डोळ्यासमोर तळहात धरला. डाव्या डोळ्यापुढे नेहमीचं धुकं आलं. ओट्याच्या कडा विरघळल्या. पण नखं? नखं आपली होती तशी होती, लाल, गडद, आंबट चेरी पिकून काळी पडायच्या दोन दिवस आधी जशी असते तशी. तिने हात बदलला. धुकं गेलं, ओट्यावरचा ब्रेडचा कणन्‌कण दिसायला लागला आणि नखं वांग्यासारखी झाली. पुन्हा चेरी. पुन्हा वांगी.

मनगटावर मार्तेनित्सा होती, एक मार्चला सगळे बांधतात तो लाल-पांढरा दोरा. नव्या डोळ्याला त्यातला पांढरा बर्फासारखा दिसत होता. जुन्या डोळ्याला तोच पांढरा शिळ्या लोण्यासारखा दिसत होता.

"थेंब घाल आधी," दिन्को म्हणाला.

"थांब. मला काहीतरी कळतंय आणि ते मला अजिबात आवडत नाहीये."

रुस्का एकोणिसाव्या वर्षी रसायनाची शाळा संपवून कारखान्यात लागली. कारखान्यात क्रीम, साबण आणि एका लांब शेडमध्ये नेलपॉलिश व्हायचं. पॉलिशचा प्रत्येक नवा घाणा आधी तिच्या टेबलावर यायचा. काचपट्टीवर त्याचा एक थेंब ओढायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग मूळ नमुन्याच्या शेजारी ठेवून उत्तरेच्या खिडकीत बघायचा. तेही फक्त सकाळी दहा ते दुपारी दोन, कारण पुढे उजेड पिवळा होतो. ती 'चालेल' म्हणाली तर माल बाटल्यांत जायचा. 'नाही' म्हणाली तर तीनशे लिटरचं पिंप मागे जायचं आणि खात्याचा इंजिनियर डोकं धरून बसायचा. एकदा सोफियाहून रंग मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन दिवस यंत्र आणि रुस्का एकमताने चालले. तिसऱ्या दिवशी बिनसलं. तेव्हा यंत्रातला दिवा कमजोर झाल्याचं निघालं. त्यानंतर खात्यात 'रुस्काचा डोळा' हा शब्दच झाला.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिने स्वतःच्या हाताने एक रंग बांधला. लाल, पण त्यात नारिंगीचा मागमूस नको, आणि जांभळाही कुठे डोकावता कामा नये. कागदावर त्याला नाव मिळालं नाही, फक्त क्रमांक मिळाला. एकतीस. दुकानांत बायका नंबरानेच मागायच्या. तिने तेवीस वर्षं रंग तपासले, पण स्वतः केलेला असा हा एकच आणि घरी नेलेलाही हा एकच.

कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे एकतीसच्या अकरा बाटल्या होत्या. त्या दोन हजार चारपर्यंत पुरल्या. पुढे ती घरीच करायला लागली. बाजारातली लाल बाटली घ्यायची आणि तिच्यात निळ्याचे थेंब टाकायचे, मनातल्या एकतीसशी जुळेपर्यंत. मूळ नमुना कारखान्याबरोबरच कुठेतरी गेला होता. पण तिला नमुन्याची गरज वाटली नाही. नमुना तिच्या डोक्यात होता.

आता तिने खणातून निळी वही काढली आणि वाचायचा चष्मा लावून टेबलाशी बसली. प्रत्येक मिश्रणाची नोंद होती. दोन हजार चार: निळे थेंब तीन. दोन हजार नऊ: पाच. शेजारी शेरा: 'बाजारातला लाल विटकरी झालाय.' दोन हजार चौदा: आठ. 'लाल आणखी बिघडला.' गेल्या महिन्यात: तेरा. 'हल्ली कोणाला लाल करताच येत नाही.'

लाल बिघडलाच नव्हता. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. निळा पोचला नाही की लाल विटकरी दिसतो. तो नीट करायला तिने निळा घातला, भिंग आणखी पिवळं झालं, तिने आणखी घातला. पंधरा वर्षं. आणि दर वेळी काचपट्टी खिडकीत धरून स्वतःलाच म्हणाली, चालेल.

"दिन्को."

"हं."

"तुला दिसत होतं."

"दिसत होतं म्हणजे..."

"कधीपासून?"

त्याने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "इवायलोच्या लग्नात जरा वाटलं होतं."

मुलाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"आणि तू बोलला नाहीस!"

"काय बोलणार? मी गाड्यांखाली झोपणारा माणूस. रंगातलं तू मला विचारणार का मी तुला सांगणार? मला वाटलं, फॅशन असेल."

"माझ्या वयाला?"

"फॅशनला कुठे वय असतं!" तो बरणीचं झाकण फडक्याने पुसायला लागला. ते स्वच्छच होतं. "आणि लावून झालं की तू हात पुढे करायचीस. 'कसा आलाय?' म्हणायचीस. तेव्हा तुझा चेहरा... अगं, त्या चेहऱ्याला काय सांगायचं माणसाने?"

यावर रुस्काला काहीतरी बोलायचं होतं. रागावायचं की आणखी काही, हे ठरायच्या आत दाराची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरची नेदेल्का आली होती. हातात बानित्साची ताटली, वर कापड. चीज आणि गरम लोण्याचा वास तिच्याआधीच आत शिरला. नेदेल्काने कारखान्यात सव्वीस वर्षं बाटल्या भरल्या होत्या. नवरा गेल्यापासून ती दर दुसऱ्या शनिवारी रुस्काकडून नखं रंगवून घ्यायची. आज शुक्रवार असूनही आली, कारण आज आठ मार्च, महिला दिन होता. आठ मार्चला संध्याकाळी पॉलिश खात्यातल्या सगळ्या बायका तुंजा नदीकाठच्या हॉटेलात जेवायला जमायच्या. कारखाना राहिला नव्हता, पण जेवण चुकलं नव्हतं.

"रुस्के, डोळा दाखव! बाई गं, काचेच्या गोटीसारखा चमकतोय. सांग बघू, मी कशी दिसते?"

"म्हातारी."

"एवढं कळायला डोळा कशाला चिरून घेतलास? आरसा मी आणून दिला असता." नेदेल्काने ताटली टेबलावर ठेवली, कोट काढला, नेहमीच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात फडक्यावर पसरले. गेल्या खेपेचं पॉलिश टोकांना उडालं होतं. "चल, सुरू कर. यंदा ती लांबनाकी स्टेफ्का पण येणार आहे. तिला जळवायचंय."

रुस्काने तिचे हात उजेडात ओढले. "नेदेल्के, खरं सांग. हा रंग कोणता?"

"एकतीस नंबर," नेदेल्का न बघताच म्हणाली.

"नंबर नाही विचारला. रंग विचारला."

नेदेल्काने दिन्कोकडे बघितलं. दिन्कोने बरणीकडे बघितलं.

"जांभळा," नेदेल्का हळूच म्हणाली. "जांभळटच म्हण. दोन वर्षांमागे चर्चमध्ये एकीने मला विचारलं, काय हो, दारात सापडली का बोटं?"

"मग?"

"मग काय! म्हटलं, हा एकतीस नंबर आहे. तुम्हाला नाही कळायचा."

दिन्को खोकला. हसू दाबायला तो नेहमी खोकायचा.

"आणि मला नाही सांगितलंस," रुस्का म्हणाली.

"तुला? तुला काय सांगायचं? तू 'चालेल' म्हटल्याशिवाय एक बाटली पुढे सरकली नाही आमच्या लाइनवर. तू म्हणालीस हा एकतीस, तर तो एकतीस. मला वाटलं माझ्याच डोक्यातून तो रंग गेला. जातात ना गोष्टी? नवऱ्याचा आवाजसुद्धा मला आता नीट आठवत नाही." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती ताठ बसली. "अगं, पण माझ्या गाठोड्यातही तीच बाटली आहे."

रुस्काला ते गाठोडं माहीत होतं. तिच्या वयाच्या बहुतेक बायकांच्या कपाटात तसं एक असायचं, स्वतःच्या शेवटच्या दिवसाची तयारी म्हणून बांधून ठेवलेलं. नेदेल्काच्या गाठोड्यात काळा ड्रेस, न उघडलेले मोजे, मेणबत्त्या आणि एकतीस नंबरची बाटली होती. शेवटी तिची नखं रुस्काने रंगवायची हे कधीचंच ठरलेलं होतं.

"म्हणजे मी तुला वांगी लावून पाठवणार होते," रुस्का म्हणाली आणि खाली बसली.

"आता रडू नकोस, डोळ्यात टाके आहेत."

"टाके घालत नाहीत हल्ली."

"मग रड."

पण रुस्का रडली नाही. तिचं डोकं वेगळ्याच दिशेने चाललं होतं. एक डोळा म्हणतो हा चेरी, दुसरा म्हणतो वांगी, दोघं माणसं दुसऱ्याच्या बाजूने साक्ष देतात. तरी मूळ एकतीस नेमका कसा होता, हे कोणी सांगत नव्हतं. एक तरी जुना थेंब हवा होता. अकरा बाटल्या धुऊन पुसून कधीच वापरात गेल्या होत्या.

"तळघराची किल्ली!" नेदेल्का एकदम म्हणाली. "तू ठिपका दिला होतास ना तिच्यावर? माळ्याची आणि तळघराची सारखी दिसायची म्हणून. मी इथेच बसले होते तेव्हा."

"तो ठिपका केव्हाच गंजला."

"पॉलिश गंजतं का कधी?"

रुस्का खणाकडे वळली. पॉलिश गंजत नाही, हे तिने तीस जणींना शिकवलं होतं.

तळघराची ती जादा किल्ली खणाच्या तळाशी दोऱ्याच्या रिळाखाली होती. पस्तीस वर्षं ती क्वचितच उजेडात आली असेल. रुस्काने ती खिडकीत धरली. डाव्या डोळ्याने बघितलं: गंज, तपकिरी, मेलेला. उजव्या डोळ्याने बघितलं, आणि किल्ली हातातच राहिली. आंबट चेरी. अगदी ओली वाटावी अशी.

"झालं तर मग!" नेदेल्का म्हणाली. "नवा डोळा खरा. विषय संपला. चल, लाव."

"नाही झालं."

"आता काय?"

"पॉलिशही पिवळं पडतं. अंधारात ठेवलं तरी पडतं. पस्तीस वर्षांत हा ठिपका थोडा तरी पिवळा झालाच असणार. म्हणजे तेव्हा तो याहून थोडा निळा होता. शिवाय डोळ्यात बसवलेलं हे नवं भिंग जास्तच स्वच्छ आहे. विशीतल्या पोरीचं भिंगही इतकं नितळ नसतं. म्हणजे तेव्हाही मला तो असा दिसला नसणार."

"मग कसा दिसला?"

"तेच कळत नाहीये."

"देवा!" नेदेल्का दिन्कोला म्हणाली. "हिचा डोळा सुधारला आणि डोकं बिघडलं."

तरी रुस्काने पेटी काढली. घड्याळात सव्वाबारा झाले होते, उजेड चांगला होता. बाजारातल्या लाल बाटलीतून तिने छोट्या काचेच्या वाटीत थोडं ओतलं आणि डावा डोळा बंद ठेवून निळा घालायला सुरुवात केली. एक थेंब, काडीने ढवळणं, काचपट्टी, फुंकर नाही, आपोआप सुकू द्यायचं. मग किल्लीच्या शेजारी. दुसरा थेंब. तिसरा. मध्येच दिन्कोने तिच्या डोळ्यात औषध घातलं, आणि थेंब आत मुरेपर्यंत ती काडी हातात धरून मान मागे टाकून बसली. चौथ्या थेंबाच्या आधी ती थांबली, अर्धाच घातला. साडेतीन. वहीत तिने आकडा लिहिला, पण शेजारी 'चालेल' लिहिलं नाही.

तिने नेदेल्काच्या उजव्या हाताला नवं मिश्रण लावलं. डाव्या हाताला जुन्या बाटलीतलं, तेरा थेंबांचं. दोन्ही हात फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"दिन्को, इकडे ये. बोल."

तो खुर्ची ओढून आला. आधी डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्या. उजव्या हातापाशी तो बराच वेळ थांबला.

"हा," तो म्हणाला. "कारखान्याच्या गेटपाशी मी गाडी घेऊन उभा राहायचो. धुरकट काचेतून तू हात हलवायचीस. तो हा."

नेदेल्का नाक ओढत म्हणाली, "मला वाटलं होतं, मलाच वेड लागलं."

रुस्काने नवा डोळा मिटला आणि जुन्याने तो उजवा हात बघितला. विटकरी. कुंडीचा रंग. महिन्यापूर्वी कोणी हे पिंप तिच्या टेबलावर आणलं असतं तर तिने मागे पाठवलं असतं. आणि डाव्या हातावर, जिथे ही दोघं जांभळं बघत होती, तिथे तिला चेरी दिसत होती. पंधरा वर्षं तिने आवडीने लावलेली चेरी.

मग तिच्या लक्षात आलं की हा जो रंग ती आता बघत होती, तो आजवर दुसऱ्या कोणी बघितलेलाच नव्हता. दिन्कोने नाही, नेदेल्काने नाही. बाटलीतही तो नव्हता. बाटलीत वांगी होती. तो रंग या एका धुकट डोळ्यात होता, आणि बावीस तारखेला डॉक्टरीणबाई ते भिंग बाहेर काढून टाकणार होत्या.

"हा डोळा केला की तो जाईल," ती म्हणाली.

"काय जाईल?" दिन्कोने विचारलं.

तिने सांगायचा प्रयत्न केला. तीन वाक्यांनंतर ती स्वतःच अडखळली. चुकीचा असलेला, पण दिसणारा रंग. किंवा बरोबर दिसणारा, पण नसलेला.

"म्हणजे दुसरा डोळा करायचा नाही म्हणतेस?" दिन्कोचा आवाज चढला. "दोनदा पायरी चुकलीस या हिवाळ्यात! डॉक्टर म्हणाल्या, पिकलाय, थांबू नका."

"करायचा नाही असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंस?"

"मला माहीत नाही, दिन्को. मला खरंच माहीत नाही."

"बानित्सा खा," नेदेल्का म्हणाली. "गार होतेय."

संध्याकाळी नेदेल्का तशीच जेवायला गेली, एक हात लाल, एक हात जांभळा. पुसू दिलं नाही. "मी आज नमुना आहे," म्हणाली. हॉटेलातल्या लांब टेबलावर तिचे हात एका बाईकडून दुसरीकडे फिरले. उजवा हात बघून दोघीतिघी ओरडल्या, हाच, हाच आपला एकतीस. लांबनाकी स्टेफ्का म्हणाली, छे, आपला यापेक्षा गडद होता, दोन्हींच्या मधला. लेबलं लावणारी एक म्हणाली, थोडा नारिंगीकडे नव्हता का? त्यावर चौघी तिच्यावर धावून गेल्या. नारिंगी तो अठ्ठावीस! वीस वर्षं या बायकांनी तोच रंग भरला होता, बुचं लावली होती, खोक्यांत घातला होता, आणि आता दोघींचं एकमत होत नव्हतं. शेवटी सगळ्या रुस्काकडे वळल्या. "तू सांग. डोळा तुझा."

रुस्काने आपले हात टेबलाखाली मांडीवर ठेवले होते. ती म्हणाली, "उजेड पिवळा आहे इथे. इथे सांगता येत नाही."

हे उत्तर सगळ्यांना पटलं. ती पूर्वीही असंच म्हणायची.

घरी आल्यावर नेदेल्का आपल्या दारापाशी किल्ली शोधायला थांबली, तेव्हा रुस्का म्हणाली, "उद्या तुझ्या गाठोड्यातली बाटली दे. बदलून देते."

"हात लावून तर बघ."

"अगं, वांगी आहे ती!"

"असू दे. तो चांगला होता, तो लाल. पण तो मी कधी लावला? कामावर हात धुऊन धुऊन नखांवर काही टिकायचंच नाही. हा माझ्या बोटांवर पंधरा वर्षं राहिलाय." किल्ली सापडली. "आणि वर गेल्यावर कोणी विचारलं, दारात सापडली का बोटं, तर काय उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे."

मधले दोन आठवडे रुस्काने कोणाला काही सांगितलं नाही. ती कधी एका डोळ्याने चालायची, कधी दुसऱ्या. दिन्को ते बघायचा आणि खोकायचा नाही. बावीस तारखेला सकाळी तो कोट घालून तयार झाला. ती येणार की नाही हे त्याने विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात नखं सुकवत बसली होती. दहाही बोटं, जुन्या बाटलीतली. सुकली तशी ती उठली आणि बूट घालायला लागली.

बसथांब्यासमोरचं प्लमचं झाड फुललं होतं. फुललेलं झाड दिसलं की मार्तेनित्सा सोडून त्याच्या फांदीला बांधायची असते. दिन्कोने आपली सोडली आणि बांधली.

"तुझी?"

"परत येताना," ती म्हणाली.

दवाखान्यात नर्स तरुण होती, मागच्या वेळचीच. तिने खुर्चीत बसवलं, दाब मोजला, थेंबांची बाटली हातात घेतली.

"हे घातले की किती वेळ नीट दिसतं?" रुस्काने विचारलं.

"पाच-दहा मिनिटांत अंधुक दिसायला लागतं, मावशी. का?"

"मग जरा शेवटी घाल. आधी तुझं बाकीचं आवर."

नर्सने खांदे उडवले आणि बाटली ट्रेमध्ये ठेवली. "मग एक बोट द्या. पुसायला लागणार, नाहीतर क्लिपला नाडी कळत नाही." कापसाने तिने डाव्या हाताची तर्जनी पुसली. कापूस रंगला. तिने तो उजेडात धरला. "वांगी का? छान आहे. तुमच्या वयाच्या बायका असला लावत नाहीत."

"एकतीस नंबर," रुस्का म्हणाली.

पुसलेल्या बोटाला क्लिप बसली आणि तिच्यातला लाल दिवा लागला. उघड्या नखातून, कातडीतून तो उजेड आरपार आला. रुस्काने एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. दिव्याचा लाल दोन्हींत सारखाच होता.

मग तिने नवा डोळा मिटून घेतला आणि नर्स थेंब घेऊन परत येईपर्यंत उरलेल्या नऊ नखांकडे बघत बसली.